बारा महिने एकाच बटणावर: शिकाऊ उमेदवारांविषयी कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड, कुपवाड, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी आणि राज्यातल्या इतर औद्योगिक वसाहतींमधील कारखानदार, प्लांट हेड आणि एचआर प्रमुख यांस

स.न.वि.वि.

आयटीआयचा निकाल लागला की तुमच्याकडून मागणी येऊ लागते. जोडारी (फिटर) दहा, यंत्रकारागीर (मशिनिस्ट) पाच, वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) तीन. पत्रावर शब्द असतो ‘शिकाऊ उमेदवार’, म्हणजे अप्रेंटिस. मुलगा कारखान्यात पोचतो, पहिल्या दिवशी सेफ्टीचा व्हिडिओ बघतो, गणवेश आणि बूट घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथपुढे उभा राहतो. जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, लावायचा, दार सरकवायचं, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढून ट्रेमध्ये ठेवायचा. बारा महिन्यांनी बघावं तर तो त्याच मशीनपुढे, त्याच बटणावर बोट ठेवून उभा असतो. दोन वर्षं आयटीआयमध्ये कानस चालवून, मोजमाप शिकून जे हाताला आलं होतं तेही तोवर गेलेलं असतं.

आम्ही आयटीआयमध्ये शिकवणारे निदेशक आहोत आणि कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागांत काम करणारी माणसं आहोत. आमचं मागणं एकच आहे. अप्रेंटिसला वर्षात किमान चार ठिकाणी फिरवा आणि तो कुठे काय शिकला याची लेखी नोंद ठेवा. या पत्रात पुढे जे आहे ते हे कसं जमवायचं आणि आज का जमत नाही, याबद्दल आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ च्या कलम १८ नुसार अप्रेंटिस हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे बहुतेक कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयही (कर्मचारी राज्य विमा) नाही. ही मोठी सवलत आहे आणि ती मिळते तो शिकतोय म्हणून. म्हणूनच त्याच कायद्यात कलम १३ सांगतं की त्याला नगावर पैसे द्यायचे नाहीत आणि उत्पादन बोनसमध्येही धरायचं नाही. कलम १५ सांगतं की शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवायचं नाही. शिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला लावणं हा कलम ३० खाली गुन्हा आहे. तीनशे नगांचं टार्गेट अप्रेंटिसच्या नावापुढे फळ्यावर लिहिलेलं दिसलं, तर त्या कारखान्याने सवलत घेतली आणि तिची अट सोडून दिली, असंच म्हणावं लागेल.

किती अप्रेंटिस घ्यायचे, यातही एक चूक सर्रास होते. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ही टक्केवारी नुसत्या कायम कामगारांवर काढायची नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदाराकडून आलेली माणसंही येतात. कायम १२० आणि ठेक्यावर १८० असतील, तर अडीच टक्के तीनशेवर काढायचे, म्हणजे साडेसात, म्हणून आठ. नुसते १२० धरून तीनच अप्रेंटिस दाखवणारे कारखाने कमी नाहीत. दुरुस्तीने रिकाम्या जागेमागे दंड ठेवला तो पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि पुढे १,००० रुपये. एवढ्या रकमेची भीती घालून कुणी शिकवायला लागणार नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणून दंडाचा विषय इथेच सोडतो.

अप्रेंटिस एकाच जागी का अडकतो? सुपरवायझर वाईट असतात म्हणून नव्हे. रोज सकाळी सुपरवायझरच्या हातात मॅनपॉवरचा कागद येतो. त्यात एका मशीनपुढे अप्रेंटिसचं नाव लिहिलं गेलं की ते मशीन त्याच्या भरवशावर चालू होतं. पुढच्या महिन्यात त्याला टूल रूमला पाठवायचं म्हटलं तर त्या जागी उभं राहायला माणूस नसतो, आणि सुपरवायझरचा महिन्याचा हिशोब नगांवर आणि रिजेक्शनवर होतो, शिकवण्यावर नाही. तो मुलाला सोडणार कसा? म्हणून सुरुवात या कागदापासून करा. पहिले तीन महिने अप्रेंटिसचं नाव मॅनपॉवरमध्ये धरूच नका. पुढचे सहा महिने अर्धा माणूस धरा. शेवटच्या तीन महिन्यांत पूर्ण धरलात तरी आमची हरकत नाही, कारण तोवर तो खरंच उपयोगाचा झालेला असेल. आधी हा कागद बदला. तो तसाच राहिला तर फिरतीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं राहील आणि मुलगा मशीनपुढे.

आता शिकवायचं काय, ते सीएनसीवरच सांगतो, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडकतात.

पहिले दोन आठवडे मशीनला हात नको. क्वालिटीच्या टेबलावर बसवा. ०.०२ मिलिमीटरचा व्हर्निअर, ०.०१ चा मायक्रोमीटर, बोअर गेज (भोकाचं आतलं माप घ्यायला), गो-नो गो गेज (माप मर्यादेत आहे की नाही ते सांगणारं). रोज दहा जॉब त्याने मोजायचे, तेच दहा इन्स्पेक्टरने मोजायचे आणि दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे. दोघांतला फरक सलग तीन दिवस ०.०१ च्या आत राहिला की तो मशीनवर जायला तयार झाला. बहुतेकांचा पहिला गोंधळ मायक्रोमीटरच्या रॅचेटचा असतो. अंगठ्याने आवळून मोजतात आणि माप कमी येतं. दुसरा गोंधळ गरम जॉबचा. चकमधून (जॉब पकडणाऱ्या जबड्यांमधून) काढल्या काढल्या मोजलेला जॉब तासाभराने मोजला की व्यास उतरलेला दिसतो. या दोन गोष्टी टेबलावर दोन दिवसांत कळतात. लाइनवर त्या कळायला रिजेक्शनची पेटी भरावी लागते.

मग ऑफसेट, म्हणजे माप चुकलं की टूल किती सरकवायचं याचा मशीनमध्ये टाकायचा आकडा. तुमच्याकडे वर्षभर असलेल्या कुठल्याही अप्रेंटिसला एक प्रश्न विचारून बघा. बाहेरचा व्यास ४०.०० हवा होता, आला ४०.०३, वेअर ऑफसेटमध्ये एक्सला (व्यासाच्या दिशेला) काय टाकशील? व्यासाच्या मापात चालणाऱ्या लेथवर उत्तर आहे उणे ०.०३. जो त्रिज्या धरून उणे ०.०१५ टाकतो, त्याची निम्मी चूक तशीच राहते. जो अधिक ०.०३ टाकतो, त्याचा पुढचा जॉब ४०.०६ येतो आणि जॉब मोठा का झाला ते त्याला कळत नाही. बोअरमध्ये अजून धातू काढायचा तर हे चिन्ह उलटं होतं. बोअर ०.०३ ने लहान आलं तर अधिक टाकायचं. ही एवढी समजूत आली की मुलगा ऑपरेटर होतो. ती येत नाही, कारण ऑफसेटच्या पानाला हात लावायची त्याला मनाई असते. टूल आदळेल ही तुमची भीती खोटी नाही. काही कंट्रोलवर ४० नंतरचं दशांश चिन्ह विसरलं तर ४० मिलिमीटरचे ४० मायक्रॉन होतात आणि टूल थेट चकात जातं. पण त्यावर उपाय मनाई हा नाही. मर्यादा घालून द्या. एका वेळी ०.०५ च्या वरचा बदल सेटरला (मशीन लावून देणाऱ्या कारागिराला) दाखवल्याशिवाय करायचा नाही, बदल केल्यावर पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एकेक पायरी थांबत) आणि रॅपिड (टूलची मोकळी धाव) २५ टक्क्यांवर चालवायचा, आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा: वेळ, टूल नंबर, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, कारण.

त्याच्या पुढची पायरी इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, बदलण्याची. त्याची बैठक (सीट) साफ न करता इन्सर्ट बसवला की खाली चिप राहते, इन्सर्ट थोडा उचललेला राहतो आणि माप दर जॉबला हलतं. मुलगा ऑफसेट फिरवत बसतो आणि चूक सीटमध्ये असते. त्यानंतर चकचं प्रेशर. पातळ रिंग जास्त प्रेशरने धरली तर तीन जबड्यांत ती दबते, दबलेल्या अवस्थेत गोल कापली जाते आणि सोडल्यावर उलगडून तिबाजू होते. दोन बिंदूंवर मायक्रोमीटर लावला तर ती बरोबर दिसते, तीन टोकांच्या बोअर गेजने तीन-चार ठिकाणी फिरवून बघितली तर चूक कळते. हे अप्रेंटिसला कुणीतरी हातात रिंग देऊन दाखवावं लागतं. रिजेक्शनच्या पेटीत अशा रिंगा असतातच. त्याच शिकवायला वापरा, नवीन माल लागत नाही.

एवढं शिकायला साधारण तीन महिने पुरतात. त्यापुढे त्याच मशीनवर त्याच जॉबला ठेवून तुम्ही त्याला काही शिकवत नाही. मग मिलिंग, मग टूल रूम, मग असेंब्ली किंवा मेंटेनन्स. क्रम तुमच्या कारखान्याप्रमाणे ठरवा.

वीजतंत्रींचं वेगळंच दुखणं आहे. त्यांना मशीन मिळत नाही, शिडी मिळते. ट्यूब बदला, पंखा लावा, केबल ओढा. वर्षभरात एकदाही पॅनलचं दार उघडलेलं न पाहिलेली मुलं आहेत. त्यांच्याकडून किमान एवढं करून घ्या. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून इन्सुलेशन मोजणं आणि एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर चालू न करता कळवणं. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर कमी करंटवर सुरू करणारा) ड्रॉइंगवरून स्वतः जोडणं. ओव्हरलोड रिलेचं (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग तर खासकरून, कारण तिथे अनुभवी माणसंही चुकतात. १० एचपीच्या मोटरचा पूर्ण भार साधारण १४ अँपिअर असतो. स्टार-डेल्टामध्ये रिले फेजच्या सर्किटमध्ये असेल तर १४ ला ०.५८ ने गुणायचं, म्हणजे साधारण ८ वर लावायचा. १४ वर ठेवला तर जास्त भार आल्यावर मोटर जळून जाते आणि रिले शांत बसतो. पण याच्याही आधी सवय हवी ती कुलपाची. मेन बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून मग बंद लाइनवर लावायचा. प्रत्येक अप्रेंटिसला त्याच्या नावाचं एक कुलूप द्या. त्याला फार खर्च येत नाही.

संधात्यांना (वेल्डरना) टॅक (तात्पुरते टाके) मारायला आणि ग्राइंडिंगला ठेवतात. ३.१५ मिलिमीटरच्या ६०१३ रॉडने ९० ते १३० अँपिअरच्या दरम्यान सहा मिलिमीटर प्लेटवर आठवड्याला चार तुकडे जोडून ते वाकवून बघू द्या. तुकडा मोडला की आत दिसतं: दोन थरांमध्ये स्लॅग (वर जमणारी खपली) नीट झाडला नाही, का रॉड ओला होता म्हणून छिद्रं पडली, का करंट जास्त होऊन कडेला खाच पडली. तुकडे स्क्रॅपमधून येतात. वेळ लागतो तो दोन तास.

पॉवर प्रेसबद्दल मात्र आम्ही तडजोड करायला तयार नाही. नवीन अप्रेंटिसला पहिले तीन महिने प्रेसवर उभं करू नका. त्यानंतरही दोन्ही हातांनी दाबायची बटणं, लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आणि एका दाबाला एकच स्ट्रोक देणारी यंत्रणा हे तिन्ही चालू असतील तरच. वेग वाढावा म्हणून एक बटण टेपने दाबून ठेवलेलं किंवा कर्टन बायपास केलेलं असतं, हे तुम्हालाही माहीत आहे. जुना ऑपरेटर अशा मशीनवर सवयीने वाचतो. नवा मुलगा अडकलेला जॉब हाताने काढायला जातो आणि बोटं जातात. त्याला ईएसआय नाही, हे वर आलंच आहे. कलम १६ नुसार इजेच्या भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, म्हणून सगळ्या अप्रेंटिसचा गट अपघात विमा पहिल्या दिवसापासून काढा, महिन्याभराने नको. पहिल्या महिन्यातच तर हात नवखा असतो.

शिकवणार कोण, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. तुमचा सेटर शिकवेल. एका सेटरकडे तीनपेक्षा जास्त अप्रेंटिस नकोत. रोज शिफ्ट सुरू झाल्यावर अर्धा तास त्याला मोकळा द्या, आणि त्या अप्रेंटिसांच्या हातून गेलेले ठराविक नग त्याच्या रिजेक्शनमध्ये मोजू नका. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण सेटर शिकवतो की नाही ते हिच्यावर ठरतं. आपल्या खात्यावर रिजेक्शन पडणार असेल तर कुठलाही शहाणा सेटर मुलाला ऑफसेटला हात लावू देणार नाही. शक्य असेल तर सेटरला दरमहा थोडा प्रशिक्षक भत्ताही द्या.

आणि वही. दर आठवड्याला एक पान: कोणतं काम, कोणतं मशीन, काय मोजलं, काय चुकलं, चूक कशी सापडली, खाली सेटरची सही. महिन्याअखेर एचआरने नाही, प्रोडक्शनच्या माणसाने दहा मिनिटं ती वही घेऊन मुलाला प्रश्न विचारायचे. वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि ती पास झाली तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. एका मशीनवर वर्ष काढलेला जोडारी त्या परीक्षेत कानस घेऊन चौकोन काटकोनात आणायला बसतो तेव्हा त्याचे हात चालत नाहीत. नापास तो होतो, पण वर्ष तुमच्याकडे गेलेलं असतं. कलम १० मध्ये सांगितलेले अनुषंगिक सूचनांचे (व्यवसायाच्या सिद्धांताचे) वर्ग म्हणूनच आहेत. त्या वर्गांना गेलेला वेळ पगारी वेळेतच मोजायचा असतो. ‘आज डिस्पॅच आहे, वर्गाला पुढच्या आठवड्यात जा’ असं दर आठवड्याला म्हटलं जातं, ते थांबवा.

मुलींबद्दल एकच. मागणीपत्रात ‘फक्त मुलगे’ लिहिण्यामागचं कारण बहुतेक वेळा कपडे बदलायची खोली नसणं आणि दुसऱ्या शिफ्टनंतर बस नसणं, एवढंच असतं. खोली बांधा. बस सुरू होईपर्यंत त्यांना पहिल्या आणि जनरल शिफ्टला घ्या.

पैशांचा भाग एचआरसाठी नीट सांगतो, कारण मुलं सोडून जातात ती बरीचशी इथे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकाला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं, दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ. या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवाव्यात अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये केली. चाकणला खोलीभाडं, खाणावळ आणि येणं-जाणं यांत सात हजारांतलं काय उरतं ते तुम्ही जाणता. किमान म्हणजे त्याखाली जायचं नाही एवढंच. वर जायला कुणाची मनाई नाही.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकारचा वाटा २५ टक्के, पण महिना १,५०० रुपयांपर्यंतच. सात हजारांचे २५ टक्के १,७५० होतात, मिळतात १,५००. ऑगस्ट २०२३ पासून हा वाटा कारखान्याला परत न मिळता थेट मुलाच्या खात्यात जातो. म्हणजे तुम्ही ५,५०० देता आणि उरलेले सरकारकडून यायचे असतात. ते अडकले की मुलगा पाच हजार पाचशेवर महिना काढतो आणि एचआर म्हणतं, ‘बाकीचं सरकार देईल.’ अडकतात ते ठरलेल्या कारणांनी. आधार बँकेत नुसतं जमा केलेलं असतं, खात्याशी थेट लाभासाठी जोडलेलं नसतं. किंवा आधार गावाकडच्या जुन्या खात्याशी जोडलेलं असतं आणि पैसे तिकडे जमा होतात. दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि आधार यांतल्या नावांत वडिलांच्या नावाचा किंवा एखाद्या अक्षराचा फरक असतो. आणि कित्येकदा कारखान्याने त्या महिन्याचं विद्यावेतन दिल्याची नोंद शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर केलेलीच नसते. रुजू होण्याच्या दिवशी ही तीन कागदपत्रं आणि बँक खातं समोर ठेवून एका टेबलावर तपासली तर अर्ध्या तासाचं काम आहे. आणि सरकारचा वाटा लांबला तर तेवढी रक्कम मुलाला उचल म्हणून द्या, आल्यावर वळती करून घ्या. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत द्यायचं असतं, आणि किरकोळ किंवा आजारपणाच्या रजेसाठी ते कापायचं नसतं.

कराराची तारीखही जपा. करार सात दिवसांत पोर्टलवर चढवायचा असतो. सल्लागाराने हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवायची आणि तीस दिवसांत नोंदणी करायची असते. मुलगा १ सप्टेंबरला रुजू झाला आणि करार नोव्हेंबरच्या तारखेने निघाला तर त्याचे दोन महिने प्रशिक्षणात धरले जात नाहीत. पुढे परीक्षेचं सत्रही हुकू शकतं. अठरा वर्षांखालच्या उमेदवाराच्या करारावर पालकाची सही लागते, ती राहिली तरी करार अडकतो.

अजून एक घोळ अलीकडे वाढलाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि शिकाऊ उमेदवारी या तिन्हींना कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणतात. पहिल्या दोन चांगल्या असतील, पण त्यातून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही. मुलाला कशात घेताय हे रुजू होण्याआधी मराठीत लिहून द्या.

‘शिकवला की पळून जातो’ हे वाक्य आम्ही प्रत्येक बैठकीत ऐकतो. तो जातो, कारण तेराव्या महिन्यात काय होणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कलम २२ प्रमाणे नोकरी देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. पण २०१४ नंतर त्याच कलमात असं आहे की, प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अप्रेंटिसांना भरतीत कसं घेणार याचं धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एसटीच्या प्रकरणात १९९५ मध्ये सांगितलं होतं की बाकी सगळं सारखं असेल तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला बाहेरून येणाऱ्यापेक्षा प्राधान्य द्यावं. तुमच्या कारखान्याचं हे धोरण कुठे आहे? बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलंच नाही.

ते एका पानावर लिहा. आमच्याकडचे किती टक्के अप्रेंटिस घेतले जातील, कोणत्या परीक्षेवर, वहीला किती गुण, पगार काय, निर्णय कधी कळेल. निर्णय अकराव्या महिन्यातच सांगा, म्हणजे ज्याला घ्यायचं नाही त्याला दुसरीकडे बघायला वेळ मिळेल. ते पान मराठीत छापून टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी लावा आणि त्याची एक प्रत पुढच्या मागणीपत्रासोबत आयटीआयला पाठवा. फिरतीचं वेळापत्रक आणि सेटरचं नाव त्याच पाकिटात असू द्या. आमची मुलं कुठे पाठवायची हे आम्ही त्या कागदांवरून ठरवू.

आपले,
औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील काही निदेशक आणि कारखान्यांतील काही प्रशिक्षक